पेशव्यांची पिछाडी

घोडं एका रात्रीत किती चालेल, असं कुणी विचारलं की मी आधी चार प्रश्न उलटे विचारतो. पाठीवर कोण आहे? खोगीर कसलं? काल त्यानं खाल्लं काय? आणि शेवटचं पाणी कधी प्यायलं? माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत गेली. कामाचा मोठा भाग म्हशी आणि शेळ्यांचा. घोडी यायची ती पंढरपूरच्या टांग्यांची, नाहीतर धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारी तट्टं. सुजलेले पाय, खोगिरानं सोललेल्या पाठी, पोटात कळ येऊन लोळणारं जनावर, हे माझं घोड्यांचं शिक्षण. त्यामुळे इतिहास वाचायला लागलो तो घोड्यांच्या बाजूनं. आष्टीची लढाई त्या बाजूनं पाहिली, तर शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा बरीच वेगळी दिसते.

आधी कुठली आष्टी ते सांगतो, कारण लोक हमखास चुकतात. बीड जिल्ह्यात आष्टी आहे, तालुक्याचं ठिकाण. वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे, १९४२च्या हुतात्म्यांची. ही आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली, पंढरपूरच्या ईशान्येला भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. आज गावाची ओळख तिथल्या मोठ्या तलावामुळे आहे. तो तलाव १८७६-७७च्या दुष्काळानंतरचा. २० फेब्रुवारी १८१८च्या सकाळी तिथे तलाव नव्हता. उघडं माळरान, मधे नाले, आणि हंगामाचा विचार केला तर काढणीला आलेली किंवा नुकतीच काढलेली शाळू ज्वारी. दाणावैरणीच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यांत सुखाचा काळ. दहा-बारा हजार घोडी घेऊन फिरणाऱ्या माणसानं सोलापूरकडे यायला निवडावा असाच.

तो माणूस म्हणजे दुसरा बाजीराव पेशवा. तीन महिने तो फिरत होता. ५ नोव्हेंबर १८१७ला, आश्विन वद्य एकादशीला, खडकीला इंग्रजांशी पहिली लढाई झाली. सेनापती बापू गोखले होते. संख्येनं मराठे कितीतरी जास्त, तरी इंग्रजांची छोटी फौज मोडली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर येरवड्याच्या बाजूनं जनरल लायोनेल स्मिथ चालून आला आणि बाजीरावानं पुणं सोडलं. तिथून पुढे तो कुठे कुठे गेला हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखं आहे. साताऱ्याजवळ माहुली, मग पंढरपूर, तिथून वर जुन्नरच्या डोंगरात, पुन्हा खाली. १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावला लढाई. मग सालप्याच्या घाटानं दक्षिणेला, थेट घटप्रभेच्या काठी गोकाकपर्यंत. तिकडे इंग्रज अधिकारी मन्रोनं मुलूख उठवला होता, म्हणून पुन्हा माघारी. पाठीवर कधी स्मिथ, कधी दुसरा इंग्रज सेनानी प्रिट्झलर.

या पळापळीची चेष्टा करायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ‘पळपुटा बाजीराव’ म्हटलं की विषय संपतो. मला तसं वाटत नाही. चार दिशांनी इंग्रजी तुकड्या येत असताना एवढी मोठी फौज इतके दिवस सापडू न देणं ही सोपी गोष्ट नाही, आणि ते घोडेस्वारांच्या जोरावरच शक्य झालं. ज्या तट्टांवर हे चाललं होतं, ती मी ओळखतो. आपल्या भीमथडीचं तट्टू खांद्यापाशी जेमतेम सव्वाचार फुटांच्या आसपास भरतं. दिसायला काही नाही. पण कडबा खातं, मिळेल ते पाणी पितं, खडकाळ वाटेनं चालतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. इंग्रजी स्वाराचं घोडं त्याहून उंच, अंगानं भारी. पाठीवर माणूस, तलवार, पिस्तुलं, खोगीर, सामान मिळून शंभर-सव्वाशे किलो. त्याला चंदी नियमित लागते, नाल टिकले पाहिजेत. बरोबरीनं सोडली तर लांबच्या पल्ल्यात तट्टूच पुढे राहील. अनेक महिने नेमकं तेच झालं.

मग आष्टीला ते सापडले कसे?

माझं उत्तर असं, की बाजीरावाबरोबर फक्त तट्टं नव्हती. हत्ती होते, उंट होते, पालख्या होत्या. कुटुंबं होती, जवाहीर आणि खजिना होता, डेरे-राहुट्या होत्या, आणि प्रत्येक सरदाराचे बुणगे. पानिपतापासून मराठी फौजेच्या मानेला लागलेला हा फास. लढणारा एक माणूस असेल, तर त्याच्यामागे स्वयंपाक करणारा, घोडं चारणारा, राहुटी ठोकणारा, व्यापारी, भिक्षुक. फौज ज्या वेगानं चालते तो वेग पुढच्या घोड्याचा नसतो, शेवटच्या बैलाचा असतो. आषाढीच्या दिंडीत हे कुणालाही पाहायला मिळतं. झेंडेकरी मुक्कामाला पोचून टेकलेला असतो आणि पाण्याचा टँकर अजून मागच्या गावात असतो.

पाण्याचा साधा हिशेब करू. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. उन्हात चालवलं तर जास्त. दहा हजार घोडी धरली तर तीन-चार लाख लिटर. कडबा प्रत्येकी सहा-सात किलो म्हटला तरी साठ-सत्तर टन रोजचा, शिवाय चंदीला हरभरा किंवा कुळीथ. एवढं रोज एका जागी मिळत नाही. म्हणजे मुक्काम नदीच्या आसपासच पडणार, आणि दुसऱ्या दिवशी हलावंच लागणार, पाठीवर शत्रू असो वा नसो. पाठलाग करणाऱ्यालाही हे माहीत असतं. तो पावलांचे ठसे शोधत नाही. पुढचं पाणी कुठे आहे, ते पाहतो.

हत्तीचं तर बोलूच नका. डौलदार जनावर आहे, ओझं भरपूर नेतं, पण त्याचं पोट दिवसभर चालू असतं. हत्तीला पळवत नेता येतं ते थोडा वेळ. पळणाऱ्या फौजेत हत्ती ठेवणं म्हणजे प्रतिष्ठेसाठी वेग गहाण टाकणं. बाजीरावानं तो शेवटपर्यंत सोडवला नाही.

या लवाजम्यात आणखी एक ओझं होतं, सगळ्यांत मोलाचं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज, त्यांच्या आई आणि भाऊ. महाराज तेव्हा पंचविशीचे. छत्रपती नावाचे धनी, पण खरी स्थिती नजरकैदेची. लढाई सुरू झाल्यावर पेशव्यानं त्यांना आपल्या छावणीत आणलं होतं, कारण इंग्रजांच्या हाती ते पडले तर काय होईल हे त्याला नीट कळत होतं. इंग्रजांनाही कळत होतं. १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला पडला. दुसऱ्या दिवशी, पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या एल्फिन्स्टननं जाहीरनामा काढला: पेशव्याची सत्ता संपली, आणि मुलखाचा काही भाग काढून साताऱ्याच्या राजाला राज्य देऊ. कागद मोठा चतुर. मराठी सरदारांना त्यातून सांगितलं होतं, की तुम्ही धन्यासाठी लढत असाल तर धनी आमच्या बाजूला आहे. अडचण एवढीच, की ज्या राजाला राज्य द्यायचं तो राजा अजून बाजीरावाच्या छावणीत हत्ती-उंटांबरोबर फिरत होता.

आता स्मिथकडे येऊ. इतके दिवस त्याला बाजीराव सापडला नव्हता, आणि त्याचं कारण त्याच्याजवळही होतं. पायदळ, जड तोफा, सामानाचे बैल. तो ज्या वेगानं चालला त्या वेगानं बाजीराव कधीच हाती लागला नसता. सातारा पडल्यावर फौजेची नव्यानं वाटणी झाली. किल्ले घ्यायचं काम एका तुकडीकडे गेलं. स्मिथकडे पाठलागाचं काम आलं, आणि त्यासाठी हलकी फौज. घोडेस्वार, घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा, मागून येईल ते पायदळ. हा बदल कागदावर लहान दिसतो. मला विचाराल तर आष्टीची लढाई इथेच अर्धी झाली होती.

बाजीराव तेव्हा सोलापूरकडे होता. तिथे पैसा गोळा करणं चाललं होतं. फौजेला पगार लागतो आणि पळणाऱ्या फौजेला तो जास्तच वेळेवर लागतो, नाहीतर शिलेदार रात्रीतून घरची वाट धरतात. घोडं शिलेदाराचं स्वतःचं असतं. ते मेलं तर त्याची मिळकत गेली. असा माणूस किती दिवस फुकट पळेल? म्हणून सोलापूरला दिवस गेले. ते दिवस स्मिथला मिळाले.

१९ फेब्रुवारीला स्मिथ वेळापूरला होता. अकलूजच्या घोडेबाजाराला जाणाऱ्यांना हे गाव ठाऊक असेल. तिथे त्याला बातमी लागली, की पेशवा सोलापूरहून पंढरपूरच्या रोखानं हलला आहे. स्मिथनं रात्रीच कूच केलं. वेळापूर भीमेच्या अलीकडे, करकंब पलीकडे. मधे नदी ओलांडायची. आज उजनी धरणाच्या पाण्यामुळे भीमेचं रूप वेगळं आहे. त्या काळच्या माघ महिन्यात उतार शोधला तर घोडी चालत जातील एवढंच पाणी राहत असणार. करकंबच्या आसपास पोचल्यावर कळलं, पेशव्याचा मुक्काम आष्टीला आहे. स्मिथनं पायदळ मागे सोडलं आणि घोडदळ, हलक्या तोफा घेऊन पुढे सरकला.

इथे मला नेहमी एक प्रश्न पडायचा. रात्री, परक्या मुलखात, नदी-नाले ओलांडत, शेकडो घोडी पाय न मोडता गेली कशी? अंधारात घोडं बिचकतं. दगडावर नाल घसरतो. एक पडलं की मागची दहा थांबतात. मग सहज तिथी काढली. खडकीची आश्विन वद्य एकादशी पक्की आहे, तिथून मोजत आलं की २० फेब्रुवारी येते ती माघी पौर्णिमेच्या जागेवर. म्हणजे स्मिथचं कूच भर चांदण्यात झालं. आमच्याकडच्या उघड्या माळावर माघातल्या चौदस-पौर्णिमेच्या रात्री गुराखीसुद्धा कंदील घेत नाही. हवा थंड, घोड्याला घाम कमी, धूळ दबलेली, चांदणं पहाटेपर्यंत. घोडी हाकायला याहून चांगली रात्र वर्षात सापडायची नाही.

तिथीबरोबर आणखी एक गोष्ट पुढे येते. तीन-चार दिवस आधीच माघी एकादशी झाली होती. पंढरपूरची माघी यात्रा. त्या साली धामधुमीमुळे किती माणूस आलं असेल कोण जाणे. पण जे आलं ते परतीच्या वाटेवर असणार, चहूकडच्या रस्त्यांवर माणसं असणार. पेशव्याची फौज कुठे आहे हे विचारायला हरकारे कमी आणि सांगणारे वाटसरू जास्त, अशी स्थिती. दहा हजार घोड्यांचा मुक्काम लपत नाही. त्याची बातमी विहिरीवरून विहिरीवर जाते.

वेळापूर ते करकंब आणि करकंब ते आष्टी, वाट धरून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सपाट जमिनीवर घोडं चालीनं तासाला सहा किलोमीटर जातं, दुडक्या चालीनं त्याच्या दुप्पट. अधूनमधून थांबवून, उतरून लगाम धरून चालवत, दोन घोट पाणी दाखवत नेलं, तर रात्रभरात एवढं अंतर कापून सकाळी त्याच्यात एक धाव शिल्लक राहते. एकच. दुसरी नाही. स्मिथच्या घोड्यांत त्या सकाळी एकच धाव होती, हे मी जरा ठासून सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

साडेआठच्या सुमाराला इंग्रज स्वार टेकाडावर आले. खाली पेशव्याची छावणी हलायच्या बेतात होती. डेरे उतरत होते, जनावरं लादणं चाललं होतं. ज्यानं लग्नाचं वऱ्हाडसुद्धा पहाटे हलवलंय, त्याला कळेल की या अवस्थेत फौज सर्वांत दुबळी असते. ना ती मुक्कामात असते, ना वाटेवर. निम्मी घोडी खोगिराविना, उंट अर्धे लादलेले, माणसं आपापल्या मालकाच्या सामानाशी.

बाजीरावानं बापू गोखल्यांना टोचून निरोप पाठवला, की शत्रू अंगावर येईपर्यंत तुम्ही काय करत होता? ग्रँट डफ, जो त्या मोहिमेत स्वतः होता आणि ज्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तो हा निरोप आणि त्याचं उत्तर दोन्ही नोंदवतो. उत्तराचा मतलब एवढाच होता, की आपली पिछाडी राखली जाईल, काळजी नसावी. त्यात राग नाही, सफाई नाही.

बापूंबद्दल दोन शब्द, कारण त्यांची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. नरहर गणेश गोखले, मूळचे कोकणातले. चुलते धोंडोपंत गोखले पेशव्यांचे कर्नाटकातले सरदार. १८०० साली धोंड्या वाघानं, म्हणजे टिपूच्या पडझडीतून सुटून उत्तर कर्नाटकात धुमाकूळ घालणाऱ्या त्या स्वारांच्या सरदारानं, धोंडोपंतांना ठार मारलं. त्याच वर्षी आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यानं धोंड्याचा पाठलाग केला, आणि बापू त्या मोहिमेत वेलस्लीबरोबर होते. धोंड्यासुद्धा घोडेस्वार, तोही नद्या ओलांडत पळत होता, त्याच्याबरोबरही लवाजमा होता. वेलस्लीनं हळूहळू त्याची दाणावैरण तोडली, बुणगे गाठले, आणि १० सप्टेंबर १८००ला कोनगलला फक्त घोडदळ घेऊन एका धावेत संपवलं. पळणाऱ्या स्वारांना कसं गाठायचं, हा इंग्रजी धडा बापूंनी अठरा वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बाजूनं पाहिला होता. टेकाडावरून उतरणारे स्वार पाहिल्यावर पुढे काय होणार हे त्या छावणीत ज्या माणसाला सर्वांत स्पष्ट दिसलं असेल, तो बापूच असणार.

मग त्यांनी त्या एका धावेचा हिशेब केला, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, कागदात नाही. रात्रभर चाललेली घोडी. त्यांची उरलेली धाव बाजीरावाच्या मागे खर्ची पडली तर पेशवा तासाभरात हाती लागेल. तीच धाव दुसरीकडे खर्ची पाडली तर पेशवा निसटेल. पिछाडी राखायची म्हणजे जिंकायचं नसतं. शत्रूची घोडी दमवायची असतात.

स्मिथचे स्वार तीन रांगांनी येत होते. मधे २२वी ड्रॅगून, गोऱ्यांची पलटण. दोन्ही बाजूंना मद्रासच्या हलक्या घोडदळाच्या पलटणी, सातवी आणि दुसरी. जमीन नाल्यांनी चिरलेली. मोठी फौज जवळ असूनही बापूंनी हाताशी असलेले काहीशे स्वार घेतले आणि निघाले. सातवी पलटण नाला ओलांडून अजून नीट ओळीत लागत होती, तोच बापू तिच्यावर तिरके घुसले. घोडं उताराला लागलेलं असेल, नाल्यातून वर येत असेल, तेव्हा त्याला वळवणं फार कठीण जातं. समोरून आलेला स्वार त्या क्षणी दुप्पट बलवान असतो. सातवी पलटण विस्कटली. चकमक स्मिथपर्यंत पोचली, त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार बसला. थोडक्यात निभावला.

मेजर डॉज नावाच्या अधिकाऱ्यानं ड्रॅगून वळवून बापूंच्या अंगावर घातले. गोऱ्यांची ती घोडी मोठी आणि त्यांची धाव अजून शिल्लक. भीमथडीच्या तट्टाला तिथे जड घोड्याचा धक्का सोसत नाही. त्याचं बळ पळण्यात आणि वळण्यात आहे, रेटण्यात नाही. आणि बापू त्या दिवशी पळायला आले नव्हते. पिस्तुलाच्या गोळ्या लागल्या, तलवारीचे वार बसले. ग्रँट डफ लिहितो, शेवटी त्यांनी अंगावरची शाल तोंडावर ओढून घेतली. त्यांच्याबरोबर गोविंदराव घोरपडे आणि आनंदराव बाबर पडले. मराठ्यांची माणसं दोनशेच्या आसपास गेली. इंग्रजांची मारली गेलेली आणि जखमी मिळून वीसही नव्हती.

आकड्यांवरून पाहिलं तर ही लढाई नव्हेच, मोठी चकमक. पण तोवर बाजीराव पालखी सोडून घोड्यावर बसला होता आणि दूर गेला होता. पाठलाग झाला तो काही मैल. दमलेली घोडी आणखी किती धावणार? बापूंनी दिलेला शब्द, अगदी शब्दशः, पाळला गेला. पिछाडी राखली गेली. पेशवा निसटला.

मागे राहिलं ते ओझं. बारा हत्ती, पन्नासांहून अधिक उंट, पालख्या, सामान. आणि प्रतापसिंह महाराज, त्यांच्या आई, भाऊ. त्यांना पळण्याची घाई असण्याचं कारणही नव्हतं. ज्याच्यापासून पळायचं तो त्यांच्यासाठी शत्रू नव्हताच. पेशव्याच्या कैदेतून ते सुटले आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाले. ११ फेब्रुवारीच्या जाहीरनाम्यात जी जागा रिकामी होती ती नऊ दिवसांनी भरली.

बापूंच्या पराक्रमावर आपण भरभरून बोलतो, ते योग्यच आहे. पण आष्टीनं मराठी राज्याचं खरं जे नुकसान केलं ते रणावर नाही झालं. ते छावणीत झालं, जिथे कुणी एक तलवारही उपसली नसेल. छत्रपती इंग्रजांकडे गेल्यावर पेशव्याच्या बाजूनं लढणाऱ्याला आपण कुणासाठी लढतो हे सांगणं अवघड झालं. १० एप्रिल १८१८ला साताऱ्यात महाराज गादीवर बसले आणि त्यांच्या दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आला तो हाच ग्रँट डफ. १८३९ साली इंग्रजांनी त्याच महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. पण ती वेगळी कहाणी.

आमच्या भागात कुणी आष्टीला लढाई पाहायला म्हणून गेलं, तर निराश होईल. तलाव आहे, पक्षी आहेत, ऊस आहे. लढाईचं रान कुठलं, हे विचारल्यावर बोट दाखवणारे चार जण चार दिशांना दाखवतात. माझ्या परीनं सांगायचं तर ते एका जागी नव्हतंच. वेळापूरचा तळ, भीमेचा उतार, करकंबची वाट, आष्टीची टेकाडं, सगळं मिळून ती लढाई. नाल्याशी झाली ती तिची शेवटची पंधरा-वीस मिनिटं.

बाजीराव तिथून परांड्याच्या बाजूला आणि पुढे कोपरगाव, नाशिककडे गेला. बरोबरच्या सरदारांची संख्या मुक्कामागणिक घटत गेली; पटवर्धनांसारखे मोठे लोक वाटेत निरोप घेऊन गेले. मग वऱ्हाडाकडे वळला, नागपूरकर भोसल्यांशी हात मिळवता येईल म्हणून. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सनं गाठलं. पुन्हा तोच प्रकार. पहाट, घोडदळ, विस्कटलेली फौज, हत्ती-उंट शत्रूच्या हाती, आणि पेशवा घोड्यावरून निसटलेला. या वेळी पिछाडीला बापू गोखल्यांसारखं कुणी नव्हतं. ३ जून १८१८ला असीरगडाजवळ ढोलकोटच्या आसपास तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख रुपये आणि गंगेकाठी बिठूर. त्या छावणीतही हजारो माणसं होती, आणि त्यांच्यातले बरेच जण त्याच्याबरोबर उत्तरेला गेले. बिठूरला तो आणखी बत्तीस वर्षं जगला. २८ जानेवारी १८५१ला वारला.

लायोनेल स्मिथ पुढे सर झाला, बार्बाडोसचा आणि मग जमैकाचा गव्हर्नर. १८३८ साली जमैकातले गुलाम पूर्ण मुक्त झाले तेव्हा तिथला गव्हर्नर तोच होता. २२वी ड्रॅगून पलटण आष्टीनंतर दोनच वर्षांत मोडण्यात आली. माणसं मायदेशी गेली किंवा दुसऱ्या पलटणींत मिसळली.